मरुभूमीतील पहिला मुक्काम : पाण्याचा हिशेब

राजस्थानच्या पश्चिम सीमेवर, जैसलमेर व बाडमेर या दोन जिल्ह्यांत मिळून, सुमारे ३,१६२ चौरस किलोमीटरचे एक विस्तीर्ण संरक्षित क्षेत्र आहे. त्यास मरुभूमी राष्ट्रीय उद्यान असे म्हणतात. नाव राष्ट्रीय उद्यानाचे असले, तरी १९८० साली ते घोषित झाले ते अभयारण्य म्हणून. वाळवंट म्हटले की डोळ्यांपुढे उभ्या राहणाऱ्या वाळूच्या टेकड्या येथे आहेतच. परंतु पुष्कळसा भाग खडकाळ पठारांचा, कंकरमिश्रित मैदानांचा आणि सेवण गवताचा आहे. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजमुळे मराठी वाचकास परिचित असलेला माळढोक पक्षी आज मुख्यतः याच मुलखात उरला असून, तेथे त्यास गोडावण म्हणतात. त्याची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. त्यामुळे येथे मनास येईल तेथे तंबू ठोकता येत नाही. वनखात्याची परवानगी आणि सीमेलगतच्या भागासाठी जिल्हा प्रशासनाचा परवाना, या दोन गोष्टी प्रवासाच्या पुष्कळ आधी हाती असाव्या लागतात.

जयपूरहून चार जणांची एक तुकडी अशा मुक्कामासाठी निघणार आहे असे समजू. जैसलमेर तेथून रस्त्याने सुमारे साडेपाचशे किलोमीटर आहे. तंबू, अंथरूण, शिधा यांची यादी कोणीही करील. खरा प्रश्न पाण्याचा आहे, आणि तो साध्या अंकगणिताने सुटतो. हिवाळ्यातही पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी दररोज पाच लिटर पाणी धरणे शहाणपणाचे होय. तीन दिवसांच्या सहलीस चौघांना साठ लिटर लागेल. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम. म्हणजे प्रत्येकाच्या पाठीवर पंधरा किलोग्रॅम केवळ पाणी आणि त्यावर दहाएक किलोग्रॅम सामान. वाळूत पाय रुतत असताना हे ओझे नवख्या माणसास झेपत नाही. एक रात्र व दोन दिवस एवढाच बेत केला, तर तेच पाणी दहा किलोग्रॅमवर येते. याहून अधिक मुक्काम करावयाचा, तर उंट अथवा मोटार यांचा आधार घ्यावाच लागतो. डोंगरात किती दूर जावयाचे हे पाय ठरवितात. येथे ते पाणी ठरविते.

थोडे कमी पाणी घेऊन काटकसर केली तर? हा विचार अनेकांच्या मनात येतो व तोच घातक आहे. शरीराचे तापमान कायम राखण्याचे काम घाम करतो. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. तेवढेच पाणी गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत तापविण्यास १०० किलोकॅलरी पुरतात, हे लक्षात घेतले म्हणजे या यंत्रणेचे सामर्थ्य कळते. मातीच्या माठातील पाणी ज्या नियमाने गार होते, तोच हा नियम. फरक इतकाच, की माठ रिकामा झाला तर त्याचे काही बिघडत नाही. कोरड्या हवेत घाम तत्काळ उडून जातो, कातडी ओलीदेखील वाटत नाही, आणि पाणी किती गेले याचा अंदाज चुकतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रॉचेस्टर विद्यापीठातील ई. एफ. अडॉल्फ व त्यांचे सहकारी यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर या विषयाचा अभ्यास केला; त्यांचा ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाला. श्रम करणारा माणूस केवळ तहानेच्या इशाऱ्यावर पाणी पीत राहिला, तर गमावलेल्या पाण्याचा काही अंशच तो भरून काढतो, असे त्यांना आढळले. पाणी शिल्लक ठेवल्याने घाम कमी येत नाही, हेही स्पष्ट झाले. घाम वाचवावयाचा तर दुपारी सावलीत थांबावे, चाल सकाळी व सायंकाळी करावी, आणि अंग सैल सुती कपड्यांनी झाकून घ्यावे. कारण उन्हात उघड्या अंगाने वावरणाऱ्याचा घाम अधिक जातो. मारवाडी शेतकऱ्याचा पागोटे व अंगरखा हा पोशाख या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

वाटेवरच्या खेड्यांत पाणी मिळेल, हा भरवसाही धरू नये. जैसलमेरकडे वर्षाकाठी पाऊस २०० मिलिमीटरहून कमी पडतो. लोक तो टांक्यांत साठवितात. काही ठिकाणी वाळूखाली जिप्समचा थर असतो, त्यावर अडकलेला ओलावा अरुंद ‘बेरी’ खणून थेंबथेंब गोळा करतात. ते पाणी एखाद्या कुटुंबाचे व त्याच्या गुरांचे असते. सहलीस आलेल्यांनी त्यात वाटा मागणे योग्य नव्हे. हाच जिप्समचा थर पाणी जिरू देत नाही, म्हणून ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यातील कवास गावी पुराचे पाणी दीर्घकाळ साचून राहिले. वाळवंटातही खोलगट भागात वा कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू लावू नये, तो यासाठी.

ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच. उन्हाळ्याचा विचारही नको. १९ मे २०१६ रोजी फलोदी येथे ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. हिवाळ्यात मात्र उलट अडचण येते. जानेवारीत जैसलमेरला दुपारी २४ अंशांच्या आसपास असलेला पारा पहाटे ८ अंशांच्या आसपास उतरतो, कधी त्याहूनही खाली. इतरत्र हवेतील बाष्प पांघरुणाचे काम करते. येथे ते विरळ असल्याने जमिनीची उष्णता वेगाने अवकाशात निघून जाते. थंड हवा जड असल्याने ती टेकड्यांमधील खळग्यांत साचते. तेव्हा तंबूची जागा तळाहून थोडी वर, पण वाऱ्याच्या आड असावी. शेकोटीसाठी खेजडी वा रोहिड्याची फांदी तोडू नये. हे वृक्ष फार सावकाश वाढतात. लहान स्टोव्ह जवळ असला म्हणजे पुरे.

तंबूस खालून शिवलेली जमीन असावी आणि तो रात्री बंद ठेवावा. फुरसे व मण्यार हे विषारी साप रात्री हिंडतात. सकाळी बूट झटकूनच घालावेत. सर्पदंश झाल्यास चिरणे, चोखणे, आवळून बांधणे हे सर्व टाळून, तो अवयव हलू न देता रुग्णास थेट रुग्णालयात न्यावे.

दिशाज्ञानाची तयारी मात्र जयपुरातच उत्तम होते, आणि ती मोठी मनोरंजकही आहे. जयपूर व जैसलमेर ही दोन्ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर, सुमारे २७ अंश उत्तरेस, वसली आहेत. म्हणून जंतरमंतरमधील सम्राट यंत्राची तिरकी भिंत ज्या उंचीकडे निर्देश करते, त्याच उंचीवर ध्रुवतारा वाळवंटातही दिसतो. हात ताठ पसरून धरलेली मूठ सुमारे दहा अंश झाकते. क्षितिजापासून पावणेतीन मुठी मोजल्या की ध्रुव सापडतो. रेखांशात मात्र जवळजवळ पाच अंशांचे अंतर असल्याने जैसलमेरला सूर्य जयपूरपेक्षा सुमारे वीस मिनिटे उशिरा मावळतो. तंबू उभारण्यास एवढा उजेड अधिक मिळतो. परंतु सकाळी तितकाच उशीर होतो, हे निघण्याची वेळ ठरविताना ध्यानी ठेवावे.

वाटेचा नकाशा व परतण्याची वेळ लिहून वनचौकीवर ठेवावी. दुसऱ्या दिवशी सायंकाळी परतल्यावर प्रत्येकाने उरलेले पाणी मोजून वहीत नोंदवावे. पाच लिटरांचा आकडा सर्वसाधारण आहे; पुढील सहलीचा हिशेब या नोंदीवरून करावयाचा असतो.