सुटी होणारी पाटी व तिचा अल्पाहारी मेंदू

गतवर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं, शाळा सुटल्यावर, इयत्ता नववींतील एका विद्यार्थिनीचे वडील आम्हांस भेटावयास आले. ते व्यवसायानें शिंपी आहेत. त्यांनीं पिशवींतून एक नवी कोरी पाटी काढून आमच्या टेबलावर ठेविली. पाटी म्हणजे दगडी पाटी नव्हे. ज्यास आज सर्वत्र टॅब्लेट म्हणतात तें यंत्र. त्यास कीबोर्ड जोडला कीं तें लिहिण्याचा संगणक होतें, आणि कीबोर्ड काढून घेतला कीं हातांत धरून वाचण्याचें पुस्तक होतें. ते म्हणाले, "सर, आपल्याच सांगण्यावरून घेतली. पोरीचा अभ्यास हिच्यावर चांगला होतो. पण दुकानांतलें कशिद्याचें मशीन हिला ओळखतच नाहीं. पाटी खोटी निघाली का हो?"

पाटी खोटी नव्हती; आमचा सल्ला अपुरा होता. यंत्र हलकें आहे, बॅटरी दिवसभर पुरते, एवढेंच आम्हीं त्यांस सांगितलें होतें. त्याचा मेंदू कोणत्या जातीचा आहे आणि घरांतील जुनें सामान त्याच्याशीं जुळेल कीं नाहीं, हें आम्हीं स्वतःच कोणास विचारलें नव्हतें. चूक आमची, आणि दरमहा हप्ता भरावयाचा त्यांनीं! त्या संध्याकाळीं आम्ही फार ओशाळलों. मग या विषयाचा थोडा अभ्यास केला. तोच येथें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडीत आहों.

१. यंत्राचा मेंदू व त्याची लिपि

संगणकाच्या मेंदूस प्रोसेसर म्हणतात. तो स्वतः कांहींच ठरवीत नाहीं. "ही संख्या उचल," "ती हिच्यांत मिळव," "उत्तर तेथें ठेव," अशा बारीकसारीक आज्ञा त्यास आंकड्यांच्या रूपानें मिळतात, व त्या तो अतिशय वेगानें पाळतो. परंतु कोणत्या आंकड्याचा अर्थ कोणती आज्ञा, हें प्रत्येक जातीच्या प्रोसेसरांत निरनिराळें ठरलेलें असतें.

आमच्या आजोबांच्या काळचे दस्तऐवज मोडी लिपींत असत. भाषा मराठीच, पण ज्यास केवळ बाळबोध येतें, त्याच्या हातीं मोडी कागद दिला तर तो शहाणा असूनहि त्यास एक ओळ वाचतां येत नाहीं. प्रोसेसरांचें असेंच आहे. आज घरोघरीं व कचेऱ्यांत दिसणाऱ्या संगणकांत मुख्यतः दोन लिप्या चालतात. एक एक्स-८६ नांवाची; तिचा उगम इंटेल कंपनीच्या १९७८ सालच्या ८०८६ या प्रोसेसरांत आहे. दुसरी आर्म नांवाची. ती प्रथम मोबाइल फोनांतून घरोघर पोंचली आणि आतां संगणकांतहि शिरली आहे. त्या शिंपीबंधूंच्या पाटींत आर्म जातीचा प्रोसेसर होता. आणि कशिद्याच्या मशीनचा कार्यक्रम लिहिला होता एक्स-८६ करितां. सगळ्या घोटाळ्याचें मूळ हें!

२. वीज न देतांच चाललेली चिप

आर्मचा जन्म इंग्लंडांतील केंब्रिज येथें झाला. तेथें एकॉर्न नांवाची संगणक करणारी एक लहान कंपनी होती. तिला आपल्या पुढील संगणकासाठीं बाजारांतील कोणताहि प्रोसेसर मनासारखा मिळेना. तेव्हां सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर या दोघांनीं १९८३ सालीं स्वतःच प्रोसेसर रचण्याचें काम हातीं घेतलें. मनुष्यबळ थोडें व पैसा थोडा, म्हणून त्यांनीं रचना होईल तितकी साधी ठेविली. आज्ञा थोड्या असाव्या, त्या सर्व सारख्या लांबीच्या असाव्या, आणि प्रत्येक आज्ञेचें काम लहान असावें, हें त्यांचें धोरण होतें. अमेरिकेंतील विद्यापीठांत याच तत्त्वावर त्यापूर्वींच कांहीं संशोधन झालें होतें, त्याचाहि त्यांस उपयोग झाला.

२६ एप्रिल १९८५ रोजीं पहिली चिप तयार होऊन हातीं आली, आणि ती त्याच दिवशीं चालूं लागली. ती किती वीज खाते हें मोजावें म्हणून फर्बर यांनीं मापकयंत्र जोडलें, तों कांटा शून्यावर! शोध करतां असें आढळलें कीं, चिपला वीज पुरविणारी तार मुळीं जोडलीच गेली नव्हती. इतर तारांतून जे संकेत आंत येत होते, त्यांतून झिरपणाऱ्या अल्पशा विजेवरच ती चिप आपलें काम बिनबोभाट करीत होती.

ही गंमत खरी. पण तिच्या मागचें कारण विद्यार्थ्यांनीं लक्षांत घ्यावें. त्या चिपवर सुमारें २५,००० ट्रान्झिस्टर होते. इंटेलनें त्याच वर्षीं बाहेर काढलेल्या ८०३८६ या प्रोसेसरावर सुमारें २,७५,००० होते. ज्या घरांत दिवे थोडे, त्या घरीं वीजहि थोडी जळते. विशेष हें कीं, वीज वांचविणें हा त्या दोघांचा मुख्य हेतु नव्हता. चिप स्वस्त प्लॅस्टिकच्या वेष्टनांत बसावी व तापून वितळूं नये, एवढीच त्यांची काळजी होती. पुढें नोव्हेंबर १९९० मध्यें एकॉर्न, ॲपल व व्हीएलएसआय यांनीं मिळून आर्म ही स्वतंत्र कंपनी स्थापिली. आणि खिशांत मावणारीं यंत्रें जेव्हां निघालीं, तेव्हां हा काटकसरीचा गुण जगाच्या उपयोगीं पडला.

३. काटकसरीचें गणित

चिपमधील ट्रान्झिस्टर दर वेळीं चालू-बंद होतांना थोडी ऊर्जा खर्च करतो. ही ऊर्जा विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. दर सेकंदास जितक्या वेळां तो चालू-बंद होईल, तितक्या पटीनें खर्चाचा वेग वाढतो. समजा, आपण चिपची गति निम्मी केली. गति कमी केली म्हणजे दाबहि उतरवितां येतो. तो पाऊणपट केला असें धरूं. पाऊणचा वर्ग ९/१६. त्याचें निम्में ९/३२. म्हणजे वीज खाण्याचा वेग एकतृतीयांशाहूनहि कमी झाला! काम पुरें होण्यास वेळ दुप्पट लागेल हें खरें; तथापि त्या कामासाठीं लागलेली एकंदर ऊर्जा पूर्वीच्या ९/१६ च राहील. (येथें चिपमधून नुसती झिरपून जाणारी वीज हिशेबांत धरली नाहीं.) धांवत जाणारा लवकर पोंचतो व दमतो, चालत जाणारा उशिरा पोंचतो, परंतु शिदोरी कमी खातो.

फोनासारख्या यंत्रांचे प्रोसेसर याच युक्तीनें रचिलेले असतात. त्यांत कांहीं भाग बळकट व कांहीं भाग मिताहारी असे ठेवितात. जड काम आलें कीं बळकटांस उठवावयाचें, एरव्हीं मिताहारी भागाकडून किरकोळ कामें करून घ्यावयाचीं. मात्र एक सावधगिरीची सूचना: केवळ आज्ञांच्या लिपीमुळेंच वीज वांचते, असें कोणीं समजूं नये. चिप किती सूक्ष्म कारागिरीनें बनविली, पडदा किती उजळ आहे, वापरणारा काय काम करतो, यांवरहि पुष्कळ अवलंबून असतें.

४. एका मोठ्या कंपनीस मिळालेला धडा

आमच्या शिंपीबंधूंस जो ठेंच लागण्याचा प्रसंग आला, तोच मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीवरहि येऊन गेला आहे. या कंपनीनें २६ ऑक्टोबर २०१२ रोजीं सरफेस आरटी नांवाची पाटी विक्रीस काढली. पडदा १०.६ इंचांचा, वजन सुमारें ६७६ ग्रॅम, जाडी ९.३ मिलिमीटर. लोहचुंबकानें चटकन् चिकटणारा व तितक्याच सहज सुटणारा कीबोर्ड तिच्यासाठीं केलेला होता. आंत एन्व्हिडिया कंपनीचा टेग्रा-३ हा आर्म जातीचा प्रोसेसर. त्याचे मुख्य भाग चार. शिवाय यंत्र स्वस्थ असतां किरकोळ कामें पाहण्यासाठीं एक पांचवा मिताहारी सोबती. पंख्याची गरज नव्हती, म्हणून आवाजहि नव्हता. बॅटरी ३१.५ वॅट-तासांची होती. ती ८ तास पुरवावयाची तर सर्व यंत्रानें मिळून सरासरी चार वॅटांहून कमी वीज घ्यावयास हवी, हें विद्यार्थी भागाकार करून पाहूं शकतील.

एवढें सगळें असून लोकांनीं ती घेतली नाहीं. पडद्यावर विंडोज दिसे, म्हणून घेणाऱ्यास वाटे कीं आपले जुने विंडोजचे कार्यक्रम हिच्यावर चालतील. परंतु ते होते एक्स-८६ च्या लिपींत. आर्मला ते वाचतां येत ना, आणि वाचून दाखविणारा कोणी आंत बसविलेला नव्हता. कंपनीच्या दुकानांतून मिळतील तेवढेच नवे कार्यक्रम घ्यावयाचे, आणि ते त्या वेळीं थोडेच होते. जुलै २०१३ मध्यें कंपनीनें या पाट्यांच्या पडून राहिलेल्या मालापायीं सुमारें ९० कोटि डॉलरांचें नुकसान आपल्या हिशेबांत दाखविलें. कारागिरी उत्तम होती. पण घेणाऱ्याची गरज आणि यंत्राची लिपि यांचा मेळ बसला नाहीं.

५. मध्यें दुभाषा आला

यावर उपाय निघाला तो दुभाष्याचा. एक्स-८६ च्या लिपींतील आज्ञा वाचून त्या चालतां चालतां आर्मच्या लिपींत उतरवून देणारा कार्यक्रम यंत्रांतच बसविण्यांत आला. २०१८ सालीं अशा सोयीचे आर्म जातीचे विंडोज संगणक बाजारांत आले. २०१९ च्या नोव्हेंबरांत मायक्रोसॉफ्टनें सरफेस प्रो एक्स ही कीबोर्ड सुटणारी नवी पाटी आणली. परंतु तेव्हांच्या दुभाष्यास जुने ३२ बिटांचे कार्यक्रमच कळत. ६४ बिटांचे कळूं लागले ते २०२१ सालीं विंडोज ११ आल्यावर. मध्यंतरीं २०२० च्या नोव्हेंबरांत ॲपलनें आपल्या मॅक संगणकांत आर्म जातीची एम-१ चिप घातली व तिच्या सोबतीस चांगला दुभाषाहि दिला. तेव्हांपासून अल्पाहारी मेंदू म्हणजे दुबळा मेंदू, ही समजूत पुष्कळ अंशीं दूर झाली. २०२४ सालच्या सरफेस प्रो मध्येंहि क्वालकॉमचे आर्म जातीचे प्रोसेसर आले आहेत.

तरीहि एका ठिकाणीं दुभाष्याचें कांहीं चालत नाहीं. छापण्याचें यंत्र, प्रयोगशाळेंतील मापक, किंवा कशिद्याचें मशीन अशीं उपकरणें जोडावयाचीं, तर त्यांसाठीं ड्रायव्हर नांवाचा एक खास कार्यक्रम लागतो. तो संगणकाच्या अगदीं गाभ्यांत बसून काम करतो. म्हणून तो मूळांतच आर्मकरितां लिहिलेला असावा लागतो. नव्या उपकरणांसाठीं असे ड्रायव्हर पुष्कळदां मिळतात. जुन्या उपकरणांसाठीं कोणी लिहीत बसत नाहीं. शिंपीबंधूंचें मशीन दहा वर्षांचें जुनें होतें.

६. पालकांस विनंती

अंथरूण पाहून पाय पसरावे, हें आपण जाणतोंच. या यंत्रांच्या बाबतींत पाय पाहून अंथरूणहि निवडावें लागतें. म्हणून पैसे देण्यापूर्वीं पुढील गोष्टी कागदावर लिहून दुकानांत न्याव्या. घरांतील कोणकोण हें यंत्र वापरणार, व कोणत्या कामासाठीं? त्या कामांचे कार्यक्रम या जातीच्या प्रोसेसरावर चालतात काय? घरांतील जुनीं उपकरणें जोडावयाचीं असल्यास त्यांचे ड्रायव्हर मिळतात काय? कीबोर्ड किंमतींत धरलेला आहे, कीं निराळा विकत घ्यावयाचा? दुरुस्तीचे नवे कार्यक्रम कंपनी किती वर्षें पुरविणार? आणि शक्य असेल तर आपलेंच काम दुकानांतच करवून पाहावें. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबूं नये, आणि शाळामास्तराच्या तर मुळींच नाहीं!

त्या शिंपीबंधूंचें पुढें काय झालें, हें वाचकांस जाणण्याची इच्छा असेल. दुकानदारानें उघडलेली पेटी परत घेतली नाहीं. आम्हीं चार ठिकाणीं चौकशी करून त्यांस एक वापरलेला जुना संगणक थोडक्या पैशांत मिळवून दिला. तो दुकानांत कशिद्याच्या मशीनपाशीं आहे, जड आहे, पंख्याचा घरघराट करतो, पण मशीनशीं बोलतो. पाटी मुलीकडे राहिली. दिवाळीपूर्वीं एके सायंकाळीं त्यांच्या गल्लींतील वीज गेली असतां आम्ही सहज त्यांच्याकडे गेलों होतों. दुकानांतील संगणक अर्थातच बंद पडला होता. मुलगी मात्र कीबोर्ड बाजूस काढून, पाटी मांडीवर घेऊन भूगोलाचा धडा वाचीत होती, आणि तिच्याच उजेडांत तिचे वडील सुईंत दोरा ओंवीत होते. आम्हांस पाहून ते म्हणाले, "सर, हप्ता अजून चारच महिने आहे." हें त्यांनीं रागानें म्हटलें नाहीं, तरी आमच्या लक्षांत तें राहिलें आहे, आणि राहावें.

विद्यार्थ्यांसाठीं प्रश्न

(१) एका पाटीची बॅटरी ४० वॅट-तासांची आहे. यंत्र सरासरी ५ वॅट घेत असल्यास ती किती तास पुरेल? २० वॅट घेत असल्यास किती?

(२) विद्युद्दाब तसाच ठेवून केवळ गति निम्मी केली, तर त्याच कामास लागणारी ऊर्जा वर दिलेल्या हिशेबाप्रमाणें कमी होईल काय? कारण सांगा.

(३) आपल्या घरांतील अथवा शेजारच्या एखाद्या यंत्राचा प्रोसेसर कोणत्या जातीचा आहे, तें वडील माणसांच्या परवानगीनें शोधून वहींत लिहा.