धुक्यातला साखळी अपघात : भरपाई कोणाच्या अंगावर येते?



द्राक्षाचे कंटेनर आता द्रोणागिरीच्या यार्डाकडे निघतील, भाजीचे टेम्पो वाशीला जातातच. पहाटे कसारा, खंडाळा घाटात धुकं असतं. एक गाडी थांबली की मागच्या चार धडकतात. मग प्रश्न येतो, पैसे कोणी द्यायचे? आज तेवढंच समजून घेऊ.

*१) "मागून धडकला तोच दोषी" हे अर्धंच खरं*
ट्रकच्या मागे अवघ्या १०-१५ फुटांवर चालणारी कार धडकली, तेव्हा अंतर न राखणारा कारचालक दोषी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं. पण २०२४ च्या निकालात हायवेवर इशाऱ्याविना उभा ठेवलेला ट्रेलरच दोषी ठरला. म्हणजे कोण पुढे, कोण मागे यापेक्षा कोणी काय चूक केली हे बघतात. गाडी बंद पडली तर कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा, मागे लांबवर रिफ्लेक्टर त्रिकोण ठेवा. दगड-फांद्या ठेवून भागत नाही.

*२) तुमची चूक थोडी असली तरी पूर्ण रक्कम मागता येते*
दोन गाड्यांच्या चुकीने तिसरा माणूस जखमी झाला, तर तो कोणत्याही एकाकडून पूर्ण भरपाई घेऊ शकतो (सर्वोच्च न्यायालय, २०१५). वाटणी नंतर त्या दोघांनी आपसात करायची.

*३) "ब्रेक फेल झाला" म्हणून सुटका नाही*
२० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाजवळ एका मालट्रकने ओळीने गाड्या ठोकल्या. पहिल्या बातम्यांत ४८ गाड्यांचा आकडा होता. आधी ब्रेक फेलची चर्चा झाली. प्राथमिक तपासात मात्र उतारावर इंजिन बंद केल्याचं पुढे आलं. गाडीची देखभाल नीट होती, हे मालकालाच दाखवावं लागतं. सर्व्हिसची बिलं जपा.

*४) गुन्हा ड्रायव्हरवर, भरपाई मालकावर*
थर्ड पार्टी विमा असेल तर भरपाई विमा कंपनी देते. पण लायसन्स, परमिट किंवा फिटनेस नसेल, तर दिलेली रक्कम कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. तेव्हा घर-जमिनीवर येतं. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस गाडीत असेल तर विम्यात बसतो. वाटेत फुकट बसवलेला बसत नाही.

*५) आपल्या मालाचं काय?*
मालाची जास्त किंमत आधी लेखी जाहीर केली नसेल, तर ट्रान्सपोर्टरची जबाबदारी साधारण भाड्याच्या दहापटीपुरतीच असते. बिल्टीवर किंमत लिहून घ्या. नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत द्या.

*अपघात झालाच तर*
✅ आधी जखमींना दवाखान्यात पोचवा. ११२ किंवा हायवेवर १०३३ लावा.
✅ गाड्या हलवण्याआधी सगळ्यांचे नंबर, दिवे, चाकांच्या खुणा यांचे फोटो काढा.
✅ पोलिसांना आणि विमा कंपनीला लगेच कळवा. पळून जाऊ नका.
✅ जागेवर कोणत्याही कोऱ्या कागदावर सही करू नका.
✅ भरपाईच्या दाव्याला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. वकिलाला लवकर भेटा.

गाडी भरण्याआधी आज एकदा विमा, फिटनेस आणि मागचे दिवे बघून घ्या. हा मेसेज आपल्या ड्रायव्हरलाही पाठवा.