हायड्रोजन : स्वच्छ इंधनाचा पुरा हिशेब

लालबागची ‘गॅस कंपनी’ व्यापारी बांधवांना ठाऊक आहेच. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, ते दगडी कोळशाच्या वायूवर. अशा वायूत साधारण निम्मा हायड्रोजनच असतो. तेव्हा हे इंधन या शहराला नवे नाही; नवा आहे तो त्याचा बोलबाला. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचे हरित हायड्रोजन मिशन मंजूर केले. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही आपले धोरण जाहीर केले. उद्या प्रोसेस हाऊसच्या बॉयलरसाठी हायड्रोजन घ्या, असे सांगणारा आपल्या पेढीवर येईल. त्याआधी हा माल पारखून घेतलेला बरा.

पहिली पारख, माल कुठला? जळताना हायड्रोजनचे पाणी होते, धूर नाही, हे खरे. परंतु तो खाणीतून निघत नाही, बनवावा लागतो. चेंबूरच्या खत कारखान्यात अमोनियासाठी तो नैसर्गिक वायूपासून काढतात. या पद्धतीत १ किलो हायड्रोजनमागे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. पाण्यापासून काढायचा तर किलोमागे सुमारे ५० युनिट वीज लागते आणि हाती ३३ युनिटांची उष्णता येते. म्हणजे तिसरा हिस्सा वाटेतच घटला. शिवाय आपल्या ग्रिडची वीज बहुतांशी कोळशाची. युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन धरला तरी किलोला ३५ किलो होतात! सौर किंवा पवनविजेवर बनवलेला तेवढाच हरित.

दुसरी पारख गळतीची. हायड्रोजनचा कण अतिशय लहान, सांध्यांतून सहज निसटतो. हवेत तो मिथेनचा नाश करणारे घटक खाऊन टाकतो. त्यामुळे शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची उष्णता वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या ११-१२ पट भरते.

तिसरी पारख जिवाची. नैसर्गिक वायू हवेत ५ ते १५ टक्के असला तर पेटतो. हायड्रोजन ४ ते ७५ टक्के. ठिणगीही दहापट लहान पुरते. ज्योत दिवसा दिसत नाही. कोळशाचा वायू गळला तर वासाने कळे. याला वासच नाही. काही पोलाद त्याने ठिसूळ होते. उघड्यावर तो झटकन वर उडून जातो, पण परळ-लालबागच्या कोंदट गाळ्यात छताखाली साचेल. जून २०१९ मध्ये नॉर्वेत ओस्लोजवळ हायड्रोजन पंपावर स्फोट झाला. कारण निघाले, टाकीचे नीट न आवळलेले बोल्ट.

खत आणि पोलादाच्या कारखान्यांना हरित हायड्रोजनची गरज आहे. कापड धुण्या-रंगवण्याच्या उष्णतेसाठी मात्र तीच वीज थेट वापरणे स्वस्त पडते. तरीही कोणी सौदा घेऊन आला तर तीन गोष्टी लेखी मागाव्यात : कोणत्या विजेचा माल, गळती किती आणि ती ओळखणारे यंत्र कोण बसवणार. उत्तर गोलमाल असेल तर सही करू नये. नुकसान झाले तर ते कारागिराच्या जिवाचे असेल, आणि त्याची भरपाई कोणत्याही खातेवहीत होत नाही.