कीटक व पृष्ठवंशीय प्राण्यांची मध्यवर्ती चेतासंस्था : कीटकनाशकांच्या सुरक्षित वापराचा जीवशास्त्रीय आधार

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. तीव्र विषारी औषधांचे मिश्रण, संरक्षक साधनांचा अभाव अशी कारणे त्या वेळी पुढे आली. परंतु किडीसाठी असलेले औषध माणसाला मुळात का बाधते, हे समजण्यासाठी कीटक व माणूस यांच्या चेतासंस्थांची तुलना आवश्यक ठरते.

रचनेतील भेद

पृष्ठवंशीय प्राण्यांत मेंदू कवटीत व मेरुरज्जू पाठीच्या कण्यात सुरक्षित असतो. हा रज्जू एकेरी, आतून पोकळ आणि शरीराच्या पाठीकडील बाजूस असतो. अपृष्ठवंशीयांत मात्र विविधता आढळते. हायड्रामध्ये चेतापेशींचे केवळ जाळे असते. गांडूळ व कीटकांत दुहेरी, भरीव चेतारज्जू पोटाकडील बाजूने जातो व त्यावर ठिकठिकाणी चेतापेशींचे पुंजके, म्हणजे गंडिका असतात.

कीटकाचा मेंदू अन्ननलिकेच्या वर असतो. डोळे व शृंगिका यांच्याकडून येणाऱ्या संवेदना तो ग्रहण करतो. मुखांगांचे नियंत्रण अन्ननलिकेखालील गंडिका, तर पाय व पंख यांचे नियंत्रण वक्षातील गंडिका करतात. श्वसनरंध्रांच्या हालचालीही त्या त्या खंडातील गंडिकांच्या आधीन असतात. त्यामुळे डोके तुटलेले झुरळ काही दिवस जिवंत राहू शकते. माणसाचे श्वसनकेंद्र मात्र मस्तिष्कस्तंभात असते. ते निकामी झाल्यास श्वास थांबतो. मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज, तर मधमाशीच्या मेंदूत सुमारे १० लाख चेतापेशी असतात.

संदेशवहनातील साम्य

रचना इतकी भिन्न असली तरी संदेशवहनाची पद्धत समान आहे. चेतातंतूतून संदेश विद्युत स्वरूपात जातो. त्यासाठी सोडियमचे कण पेशीपटलातील मार्गिकांतून आत शिरतात. दोन चेतापेशींमधील फट ओलांडण्यासाठी संदेशास रासायनिक वाहक लागतो. अ‍ॅसिटिलकोलीन हा असा एक वाहक कीटक व माणूस या दोघांतही आहे. काम होताच कोलिनएस्टरेज हे विकर त्याचे विघटन करते व संदेश थांबतो.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके हेच विकर निष्क्रिय करतात. वाहक साचत जातो व संदेश थांबत नाही. कीटकांत अ‍ॅसिटिलकोलीनचे कार्य प्रामुख्याने मध्यवर्ती चेतासंस्थेत चालते. त्यांच्या स्नायूंना चेतवणारा वाहक ग्लुटामेट हा असतो. माणसात मात्र अ‍ॅसिटिलकोलीन मेंदूखेरीज स्नायू व ग्रंथी यांच्याशी जोडलेल्या चेतातंतूंच्या टोकांशीही कार्य करते. म्हणूनच विषबाधेत लाळ व घाम सुटणे, डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचित होणे, स्नायू फडफडणे आणि अखेर श्वसन बंद पडणे ही लक्षणे दिसतात.

निवडक परिणाम व त्याची मर्यादा

सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे सोडियम मार्गिका उघड्या ठेवतात. कीटकांच्या मार्गिका त्यांना अधिक संवेदनशील असतात आणि सस्तन प्राण्यांच्या यकृतात त्यांचे जलद विघटन होते. माशांत हे विघटन संथ असल्याने ती माशांना अत्यंत घातक ठरतात. इमिडाक्लोप्रिडसारखी निओनिकोटिनॉइड औषधे कीटकांच्या अ‍ॅसिटिलकोलीन ग्राहींना सस्तन प्राण्यांच्या ग्राहींपेक्षा अधिक घट्ट चिकटतात. परंतु मधमाशीही कीटकच आहे. त्यामुळे हा निवडकपणा तिला वाचवू शकत नाही. तात्पर्य, निवडकता ही प्रमाणाची बाब आहे. चेतासंस्थेवर परिणाम करणारे कोणतेही औषध माणसास पूर्णतः निर्धोक मानता येत नाही.

प्रत्यक्ष वापरातील दक्षता

• डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहावा. लाल रंग अत्यंत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा असा विषारीपणाचा उतरता क्रम असतो.
• ही औषधे त्वचेतूनही शरीरात शिरतात. हातमोजे, मुखपट्टी, चष्मा व पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत. फवारणी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करू नये.
• शिफारस नसलेली औषधे एकत्र मिसळू नयेत.
• पीक फुलोऱ्यात व मधमाश्या कार्यरत असताना तसेच तळी, विहिरी व ओढ्यांलगत फवारणी टाळावी.
• विषबाधेची शंका येताच काम थांबवून दूषित कपडे काढावेत, त्वचा साबण व पाण्याने धुवावी आणि रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. औषधाचे लेबल व माहितीपत्रक सोबत न्यावे. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधांच्या विषबाधेत डॉक्टर अ‍ॅट्रोपिन देतात, तर पायरेथ्रॉइडवर विशिष्ट उतारा नाही. त्यामुळे औषध कोणत्या गटातील आहे हे डॉक्टरांना त्वरित कळणे रुग्णाच्या प्राणरक्षणासाठी महत्त्वाचे असते.