एकवीस क्रमांकाचा दात

चाकणच्या एका कारखान्यातील एक अभियंते रशियात बर्फावर घसरून पडले, आणि तेथील दंतवैद्याने दिलेला दाखला विम्याच्या दाव्यासाठी इंग्रजीत आणण्याचे काम पिंपरीतील एका भाषांतरसंस्थेमार्फत माझ्याकडे आले. दाखल्यात २१ क्रमांकाच्या दाताला ‘पोल्नी वीविख’ झाल्याची नोंद होती. दात खोबणीतून समूळ बाहेर पडला असता इंग्रजी दंतवैद्यक त्यास ‘अव्हल्शन’ म्हणते, म्हणून मी तेच लिहिले. शेजारच्या दाताला मार बसून तो दुखावला होता, परंतु हलला नव्हता; त्या ‘उशिब’साठी ‘कन्कशन’ ही रूढ संज्ञा योजिली.

संस्थेच्या संपादकांनी, ज्यांना रशियन लिपीचे एक अक्षरही वाचता येत नाही, मला न विचारता ‘कन्कशन’ दाताकडून काढून मस्तकास जोडले, आणि अमेरिकी तक्ता पाहून २१ पुढे ‘खालची डावी पहिली उपदाढ’ असा खुलासा घातला. विमा कंपनीने साहजिकच मेंदूच्या तपासणीचे कागद मागितले. दावा अडकला, तेव्हा संपादकांचा दूरध्वनी आला: “खाली नाव तुमचं आहे, जबाबदारीही तुमचीच.” मी न लिहिलेल्या मजकुराखाली माझे नाव छापले गेले आहे, हे मला त्या क्षणी प्रथम कळले, आणि मेहनताना रोखल्याचे त्याच दमात ऐकविण्यात आले.

वास्तविक मूळ दाखल्यात आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाचा एस ०३.२ हा दात निखळल्याचा संकेत स्वच्छ होता. मेंदूच्या आघाताचा एस ०६.० कोठेही नव्हता. रशियातही हेच वर्गीकरण चालत असल्याने नुसते ताडून पाहिले असते तरी शहानिशा झाली असती. म्हणून हे काम घेणाऱ्यांनी संकेतांक जसाच्या तसा उतरवावा, आणि दाताच्या क्रमांकापुढे पद्धतीचे नाव अवश्य लिहावे. कारण रशियात व आपल्याकडे प्रचलित असलेल्या दोन अंकी पद्धतीत २१ हा वरचा डावा मधला पटाशीचा दात, तर १ ते ३२ मोजणाऱ्या अमेरिकी पद्धतीत तोच अंक खालच्या उपदाढेचा. शब्दकोश चांगला असावा, मुदत पाळावी, हे निराळे सांगणे नको. मोबदल्याची बोली मात्र आधी लेखी करून घ्या, आणि तुमच्या संमतीवाचून एक शब्द जरी बदलला, तरी त्या कागदावरून आपले नाव काढून टाकण्याची अट तिच्यात प्रथम घाला.