तानपुऱ्यामागची घूंऽऽ

प्रश्न : सराफा, जबलपूर येथील एका वाचकांनी घरीच १२एएक्स७ व्हॉल्व्हचा फोनो प्रीअँप बांधला. एलपी लावली की तानपुऱ्यामागे गुणगुण येते, प्लेटवरचे व्होल्टेजही जास्त. दोष कुठे?

उत्तर : आधी गुणगुणीचा सूर ओळखावा. ५० हर्ट्झची जाड घूंऽऽ बहुधा हीटरच्या तारांची किंवा ग्राउंड लूपची. १०० हर्ट्झची घरघर फिल्टर कपॅसिटरकडे बोट दाखवते. फोनोत गुणगुण फार छळते, कारण आरआयएए भरपाई ५० हर्ट्झला १००० हर्ट्झच्या सुमारे सातपट उचलते.

मग प्लेटच्या जास्त व्होल्टेजसाठी हीटर मोजावा. ६.३ऐवजी ६.९ व्होल्ट दिसले, तर २२०चा ट्रान्सफॉर्मर २४०वर चालतो आहे. हीटर ठीक आणि फक्त प्लेट चढलेली असेल, तर व्हॉल्व्ह थकलेला किंवा कॅथोडचा रेझिस्टर बदललेला.

वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब उरतो. रेझिस्टरमधून तो उतरवून, मीटरवर शून्य पाहूनच आत हात घालावा.