जोची हॅट

कादंबरीतील एखाद्या पात्राचे स्वभावचित्र लिहा असे सांगितले की आपण भराभर विशेषणे लिहून मोकळे होतो : प्रेमळ, भोळा, कष्टाळू, स्वाभिमानी. ती खोटी नसतात; पण पुस्तक न उघडताही लिहिता येतात. लेखकाने ती कशातून दाखवली, हे शोधायचे असते.

चार्ल्स डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' (१८६०-६१) तुमच्यापैकी काहींनी इंग्रजीच्या तासाला वाचली असेल. पिप हा पोरका मुलगा. तो बहिणीच्या धाकात वाढला. माया केली ती तिच्या नवऱ्याने, जो गार्जरी या लोहाराने. पुढे कोणा अज्ञात माणसाच्या पैशावर पिप लंडनला जातो, 'साहेब' बनू लागतो. एके दिवशी जो त्याला भेटायला येतो. पैसे देऊन ही भेट टाळता आली असती तर बरे, असे पिपला आधीच वाटत असते.

जो पायपुसण्यावर कितीतरी वेळ बूट पुसत राहतो. हॅट कोणाच्या हाती देत नाही. शेकोटीवरच्या फळीच्या अगदी कडेला ठेवतो. ती पडते. तो झेलतो, पुन्हा ठेवतो, ती पुन्हा पडते. डिकन्सने या धडपडीला यष्टिरक्षणाची उपमा दिली आहे! आपण हसतो, आणि मग आठवते, हे हात भट्टीवर घण चालवणारे आहेत.

त्याहून बोलके आहे संबोधन. जो कधी 'पिप' म्हणतो, कधी 'सर'. इंग्रजीत 'यू' एकच, म्हणून सारा भार त्या 'सर'वर पडतो. आपल्या भाषेत सांगायचे तर 'अरे'चे मध्येच 'अहो' होते. ज्याला लहानाचा मोठा केला, त्यालाच 'अहो'! पिप मात्र चिडतो. आपण मोकळे वागलो असतो तर जोही मोकळा झाला असता, ही कबुली तो पुढे मोठेपणी, कथा सांगताना देतो. प्रसंग जोचा, पण उघडा पडतो तो पिप.

निघताना जो सरळ सांगतो, की या कपड्यांत मी शोभत नाही; भेटावेसे वाटले तर भट्टीच्या खिडकीतून डोकावून पाहा. आता तो अडखळत नाही. पिपच्या कपाळाला हळूच हात लावून निघून जातो. पिप भानावर येऊन रस्त्यावर धावतो, आसपासच्या गल्ल्यांत शोधतो. जो दिसत नाही.

स्वाध्याय : तुमच्या घरी पाहुणे म्हणून आलेल्या एखाद्या नातलगाचे चित्र दहा ओळींत लिहा. स्वभावाचे एकही विशेषण वापरू नका. त्यांनी चपला कुठे काढल्या, येथून सुरुवात करा.